शर्यतीसाठी सायकल विमानातून नेताना: जपायची ती बैठक

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: परदेशातल्या पहिल्या हाफ डिस्टन्स ट्रायथलॉनला (पोहणं १.९ किलोमीटर, सायकल ९०, धावणं २१.१) नाव नोंदवलं आहे. स्वतःची सायकल विमानातून न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी, न्यायची तर कशात भरावी, किती दिवस आधी पोहोचावं, आणि कार्बनची फ्रेम कुणीतरी आपटेल या भीतीचं काय करावं? गेली बारा वर्षं मी हौशी वयोगटात शर्यती करते आहे. त्यांतल्या निम्म्याहून जास्त शर्यतींना सायकल विमानाने नेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सायकल न्या. का न्यायची हे नीट पटलं की पुढचे बरेच निर्णय आपोआप होतात. ती महाग आहे किंवा तिची चाकं हलकी आहेत म्हणून न्यायची नाही. न्यायची ती तुमची तिच्यावरची बैठक. सहा-आठ महिने पहाटे उठून तुम्ही जे कमावलेलं असतं, ते ठरावीक उंचीच्या सॅडलवर बसून, ठरावीक अंतरावरच्या एरोबारवर (हँडलला जोडलेल्या पुढच्या नळ्यांवर) कोपरं टेकवून कमावलेलं असतं. गुडघे, कंबर, मान, मांडीमागचे स्नायू सगळे त्या मापांना सरावलेले असतात. ती मापं पाच-सात मिलिमीटरने बदलली तर वीस किलोमीटरच्या फेरीत पत्ताही लागत नाही. नव्वद किलोमीटरमध्ये लागतो, आणि त्याच्यापुढे अर्धमॅरेथॉन शिल्लक असते.

पहिल्या परदेशी शर्यतीला मी सीट पोस्ट (सॅडलचा दांडा) खूण न करता काढला आणि हॉटेलच्या खोलीत अंदाजाने बसवला. संध्याकाळी रस्त्यावर एक फेरी मारली, सगळं ठीक वाटलं. शर्यतीत पन्नासाव्या किलोमीटरच्या आसपास उजव्या गुडघ्याच्या पुढच्या बाजूला टोचायला लागलं. ऐंशीला पोहोचेपर्यंत प्रत्येक चढावर उभं राहून पेडल मारत होते, आणि धावताना चौदाव्या किलोमीटरला चालायला लागले. घरी येऊन मोजलं तर सॅडल ९ मिलिमीटर खाली बसलं होतं. सॅडल खाली गेलं की गुडघा जास्त दुमडतो आणि पुढच्या बाजूवर ताण येतो, हे मला वाचून माहीत होतं. त्या दिवशी अंगावर कळलं.

म्हणून पेटी उघडण्याच्याही आधीचं काम म्हणजे मोजमाप. बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलच्या दांड्यांचा आस फिरतो त्या जागेच्या) मध्यापासून सॅडलच्या माथ्यापर्यंतची उंची सीट ट्यूबच्या रेषेत मोजा. सॅडलच्या टोकापासून एरोबारच्या कोपर-पॅडच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर घ्या. पॅडची जमिनीपासूनची उंची आणि पुढच्या नळ्या किती बाहेर आहेत तेही लिहा. प्रत्येक मापाचा फोटो काढा, फोटोत टेप दिसू द्या. सीट पोस्ट जिथे फ्रेममध्ये शिरतो तिथे इलेक्ट्रिकची चिकटपट्टी घट्ट गुंडाळा, म्हणजे परत बसवताना पट्टी फ्रेमच्या कडेला टेकली की उंची बरोबर. एरोबारच्या नळ्यांवर बारीक पांढऱ्या पेनने रेघ ओढा. मापांचा एक कागद पेटीत ठेवा आणि दुसरी प्रत फोनमध्ये.

भाड्याच्या सायकलचं सांगायचं तर मी तिला नावं ठेवत नाही. स्प्रिंट किंवा ऑलिम्पिक अशा छोट्या अंतराची शर्यत असेल, प्रवासच दोन दिवसांचा असेल किंवा मध्ये तीन विमानं बदलायची असतील, तर मीही भाड्याची घेते. पण तेव्हा वरची सगळी मापं आधी कळवते आणि स्वतःचं सॅडल, पेडल्स, शूज बरोबर नेते. पेडल्सचा प्रकार वेगळा निघाला तर शूज निरुपयोगी. अनोळखी सॅडलवर तर तीन तास काढूच नयेत. ताब्यात घेताना ब्रेक कोणत्या हाताला कोणता आहे ते नक्की बघा. काही देशांत पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, काही ठिकाणी डाव्या. उतारावर घाईत उलटा ब्रेक दाबला गेला तर पुढचं चाक जाम होतं.

आता कशात भरायची. टणक पेटी, मऊ बॅग आणि सायकलच्या दुकानातून मिळणारं पुठ्ठ्याचं खोकं, तिन्ही मी वापरलं आहे. टणक पेटी धक्के उत्तम सोसते, पण ती रिकामीच ११ ते १३ किलोची असते. त्यात साडेनऊ किलोची ट्रायथलॉन सायकल आणि अवजारं घातली की २३ किलोची मर्यादा तिथेच संपते. मऊ बॅग ७ ते ९ किलोची, तिच्या तळाला धातूची चौकट असते आणि काही बॅगांत हँडलबार न काढताच सायकल बसते. ट्रायथलॉन सायकलच्या पुढच्या भागात केबल्स आणि नळ्या इतक्या गुंतलेल्या असतात की हँडलबार सोडवणं म्हणजे बैठकच सोडवणं. त्यामुळे तुमच्या सायकलचा एरोबार सहज सुटत नसेल, तर जास्त संरक्षण देणाऱ्या पेटीपेक्षा हँडलबार जागच्या जागी ठेवू देणारी बॅग घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. पुठ्ठ्याचं खोकं एका प्रवासापुरतं चालतं. पण पावसात धावपट्टीवर अर्धा तास उभं राहिलं की त्याचा तळ बसतो, आणि परतीला तेच खोकं शाबूत असेल याची खात्री नाही.

भरण्याचं काम घरी सावकाश करा, आणि प्रवासाच्या तीन आठवडे आधी एकदा पूर्ण सराव करा. सायकल उघडा, भरा, बंद करा, दुसऱ्या दिवशी काढा, जोडा आणि लगेच लांबच्या सरावाला न्या. या सरावात कळतं की कोणता बोल्ट जाम झाला आहे, कोणती ॲलन की नाही, आणि जोडल्यावर नेमकं काय वाजतं. पहिल्या वेळी मला अडीच तास लागले होते, आता पन्नास मिनिटं पुरतात.

पेडल्सपासून सुरुवात करा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. सायकलवर बसल्यासारखे उभे राहा, दोन्ही बाजूंना पाना मागच्या चाकाकडे फिरवला की पेडल सुटतं, असं लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही (पाना वरच्या बाजूला धरलेला असला पाहिजे). त्यानंतर मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग. हा सगळ्यात नाजूक. फ्रेमला तो ज्या छोट्या तुकड्यावर लटकतो तो हँगर मुद्दाम मऊ धातूचा केलेला असतो, म्हणजे धक्का बसला तर तो वाकेल आणि फ्रेम वाचेल. हँगरवरून डिरेलर सोडवा, बबल रॅपमध्ये गुंडाळा आणि मागच्या त्रिकोणाच्या आत झिप टायने बांधा. सुटा हँगर बरोबर हवाच. तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि अनोळखी गावात तुमच्या मॉडेलचा मिळेलच असं नाही. आख्ख्या सामानात सर्वांत हलकी आणि सर्वांत मोलाची वस्तू तीच.

चाकं काढली की हायड्रॉलिक डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये प्लास्टिकचा तुकडा घाला. चुकून लीव्हर दाबला गेला तर पिस्टन बाहेर येऊन पॅड एकमेकांना चिकटतात आणि मग तिथे रोटर (चाकावरची ब्रेकची चकती) शिरत नाही. रोटर काढून पुठ्ठ्यात ठेवा, वाकलेला रोटर दर फेरीला घासतो. पुढच्या फोर्कच्या दोन पायांमध्ये आणि मागच्या चाकाच्या जागीही आधाराचे तुकडे घाला. वरून वजन पडलं की कार्बन सहसा तिथेच आत दबतो. टॉप ट्यूब, फोर्क आणि सीट स्टे (सॅडलखालून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्या) यांना पाइपावर घालतात तसा फोम चढवा. धातू आणि कार्बन कुठेही एकमेकांना टेकू देऊ नका. पेटी हलवून बघा, आत काही खडखडलं तर उघडा आणि पुन्हा बांधा.

आता बोल्टची गोष्ट. एकदा रात्री अकराला हॉटेलच्या खोलीत मी सायकल जोडत होते. स्टेमचे (हँडल फोर्कला जोडणाऱ्या तुकड्याचे) चारही बोल्ट पलंगावर पसरलेल्या टॉवेलवर ठेवले होते. टॉवेल ओढला गेला, तीन सापडले, चौथा नाही. गालिचा उचलला, पलंग सरकवला, फोनचा दिवा लावून भिंतीच्या कडेने हात फिरवला. तो बोल्ट शेवटी माझ्याच चपलेत मिळाला, पण तोवर साडेबारा झाले होते आणि सकाळी सहाला पोहण्याचा सराव होता. तेव्हापासून कोणताही भाग सुटला की त्याचा बोल्ट मी लगेच त्याच भोकात दोन फेरे फिरवून परत लावते. डिरेलर निघाला की त्याचा बोल्ट त्याच्यातच राहतो, बॉटल केजचे फ्रेमवर, रोटरचे हबवर. सुटी पिशवी नाही आणि शोधाशोधही नाही.

टायरमधल्या हवेबद्दल बरेच गैरसमज आहेत. चेक-इनला पुष्कळदा हवा पूर्ण काढायला सांगतात, नाहीतर उंचीवर टायर फुटेल म्हणतात. सामानाचा कक्ष प्रवाशांच्या केबिनइतकाच दाबाखाली असतो आणि तिथला दाब साधारण २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका ठेवतात. जमिनीच्या तुलनेत हा फरक जेमतेम ४ पीएसआय. बाहेर पूर्ण पोकळी असती तरी १५ पीएसआयपेक्षा जास्त फरक पडला नसता. त्यामुळे ८० पीएसआयचा टायर फुटायचं कारण नाही. तरी नियम म्हणून हवा कमी करा, पण पूर्ण सपाट करू नका. २५-३० पीएसआय राहू दिली तर रिमला गादी मिळते आणि ट्यूबलेस टायरची कड रिमपासून सुटत नाही. ती सुटली तर आतलं सीलंट (छिद्र बुजवणारा द्रव) पेटीभर होतं आणि साध्या हातपंपाने टायर परत बसवणं जवळपास अशक्य.

बॅटरीचा नियम मात्र काटेकोर आहे. सुटी लिथियम बॅटरी आणि पॉवर बँक फक्त हातसामानात, १०० वॉट-तासांपर्यंत परवानगीशिवाय. वायरलेस गिअरची सुटी होणारी बॅटरी जेमतेम दोन-अडीच वॉट-तासांची, ती काढून हातसामानात घ्या. काढली नाही तर हादऱ्यांनी डिरेलर जागा राहतो आणि उतरेपर्यंत बॅटरी रिकामी होऊ शकते. फ्रेमच्या आत बसवलेली बॅटरी सायकलसोबत जाऊ शकते, फक्त लीव्हरवर काही टेकून बटण दाबलेलं राहू देऊ नका.

हवा भरायच्या सीओटू काडतुसांवर विसंबून घरून निघू नका. काही विमान कंपन्या परवानगी घेऊन ठरावीक संख्येत नेऊ देतात, पण सुरक्षा तपासणीत ती काढून घेतल्याचं मी कित्येकदा पाहिलं आहे. ती उतरल्यावर घ्यायची आणि सोबत छोटा हातपंप ठेवायचा. काडतुसं वापरायचा सरावही आधी करा, थंड पडलेल्या नोझलने बोटं भाजल्यासारखी होतात आणि गडबडीत गॅस बाहेरच जातो. आयर्नमॅन या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉन मालिकेच्या २००८च्या जागतिक स्पर्धेत, हवाईतल्या कोनामध्ये, क्रिसी वेलिंग्टन आघाडीवर असताना तिचं टायर पंक्चर झालं आणि तिच्या काडतुसांतला गॅस वाया गेला. ती रस्त्याकडेला थांबली होती. मागून आलेल्या रिबेका कीट या प्रतिस्पर्धी खेळाडूने तिला आपलं काडतूस दिलं. वेलिंग्टनने ती शर्यत जिंकली. मला त्या प्रसंगात कीटचं मोठेपण सगळ्यात जास्त भावतं. पण आपल्याला कुणी काडतूस देईल असं धरून निघता येत नाही. दोन ट्यूब, दोन काडतुसं, एक पंप आणि टायर लीव्हर एवढं सायकलवर असायलाच हवं.

तिकीट काढतानाच विमान कंपनीला सायकलचं कळवा, आणि ‘चालेल’ असं लेखी उत्तर आलं की त्याची छापील प्रत बरोबर ठेवा. काउंटरवरच्या माणसाला दर वेळी नियम माहीत असतोच असं नाही. पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असू द्या, म्हणजे पेटी थेट शेवटच्या मुक्कामापर्यंत जाते. शेवटचा टप्पा छोट्या टर्बोप्रॉप विमानाचा असेल तर आधीच विचारा, त्याच्या सामानाच्या दारातून पेटी जाईलच असं नाही. विमान बदलायला मी किमान तीन तास ठेवते. माणूस पळत जाऊन विमान पकडतो, पेटी पकडत नाही. पेटीच्या झाकणाला आतून एक फोटो चिकटवा: भरलेली सायकल कशी दिसते आणि ‘कृपया अशीच बंद करा’ ही एक ओळ. तपासणीसाठी ती तुमच्या गैरहजेरीत उघडली जाऊ शकते, आणि मी पाहिलेल्या नुकसानीपैकी बरंचसं आपटण्याने झालेलं नव्हतं. परत बंद करताना झाकण दाबल्यामुळे झालं होतं.

हातसामानात काय ठेवायचं हा प्रश्न मी असा सोडवते: उद्या पेटी आलीच नाही तर शर्यतीला उभं राहता येईल का? हेल्मेट, सायकलचे शूज, पेडल्स, ट्रायसूट, गॉगल, धावायचे शूज, घड्याळ आणि बैठकीच्या मापांचा कागद माझ्यासोबत केबिनमध्ये असतो. एकदा खरोखरच पेटी दोन दिवस उशिरा आली. शर्यत तिसऱ्या दिवशी होती. पहिल्याच संध्याकाळी मी भाड्याची सायकल ठरवून त्यावर माझी मापं लावून ठेवली, आणि त्या दोन रात्री मला झोप लागली ती केवळ त्यामुळे. एनर्जी जेल मात्र द्रवपदार्थात मोडतं. ते १०० मिलिलीटरच्या नियमात बसवा नाहीतर पेटीत टाका.

आता भीतीबद्दल. आंतरराष्ट्रीय प्रवासाला माँट्रियल करार लागू असेल, तर सामानाचं नुकसान झाल्यास विमान कंपनीची जबाबदारी दर प्रवाशामागे १,५१९ एसडीआरपर्यंत असते (ही मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासूनची आहे. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक). चांगल्या कार्बन सायकलची किंमत याहून बरीच जास्त असते, म्हणून वेगळा विमा काढा. विम्याच्या अटींत ‘विमानातल्या सामानात असताना’ आणि ‘शर्यतीदरम्यान’ हे दोन्ही शब्द शोधा, कित्येक पॉलिसी नेमक्या तिथेच हात वर करतात. पेटी बंद करण्याआधी सायकलचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा. उतरल्यावर विमानतळ सोडण्याच्या आधी पेटी उघडा आणि काही मोडलेलं दिसलं तर तिथल्या तिथे तक्रार नोंदवून पावती घ्या. बारा वर्षांत माझं खरं मोठं नुकसान एकदाच झालं: सीट स्टेला तडा. बाकी सगळं थोड्याच वेळात दुरुस्त होणारं होतं. भीती पूर्ण जात नाही, पण नीट भरलेली पेटी हातातून सुटल्यावर तिचा विचार करायचं काम उरत नाही.

किती दिवस आधी पोहोचायचं? वेळेतला फरक जितक्या तासांचा, साधारण तितके दिवस शरीराला लागतात. पूर्वेकडे जाताना जास्तच. नोकरी सांभाळून एवढे दिवस कुणाला मिळत नाहीत, तरी किमान तीन पूर्ण दिवस ठेवा. त्यातला पहिला दिवस सायकलचा. पोहोचल्यावर थकवा कितीही असो, त्याच दिवशी ती जोडा, कारण काही तुटलं असेल तर दुकानं उघडी असण्याचे दिवस हातात हवेत.

जोडताना क्रम चुकवू नका. फोर्कवर स्टेम बसवताना आधी वरचा टोपीचा बोल्ट हलका आवळून हेडसेटमधला (फोर्क जिथे फ्रेममध्ये फिरतो त्या सांध्यातला) ढिलेपणा काढायचा, हँडल सरळ करायचं आणि मगच स्टेमचे बाजूचे बोल्ट आवळायचे. उलट केलं तर वरचा बोल्ट कितीही फिरवा, हेडसेट ढिलाच राहतो. तपासायला पुढचा ब्रेक दाबा, सायकल पुढे-मागे हलवा, डाव्या हाताची बोटं हेडसेटच्या सांध्यावर ठेवा. ‘टक’ असं जाणवलं तर परत उघडा. कार्बनवरचे बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा. बहुतेकांवर ५ न्यूटन-मीटरच्या आसपासचा आकडा छापलेला असतो, तोच पाळा. सीट पोस्टला कार्बन पेस्ट लावा, साधं ग्रीस लावलं तर तो शर्यतीत हळूहळू खाली सरकतो. पेडल्सच्या आट्यांना मात्र ग्रीस हवंच. हायड्रॉलिक ब्रेकचे लीव्हर आठ-दहा वेळा दाबून बघा. पेटी उलटीपालटी झालेली असते, आणि पाइपात बुडबुडा सरकला असेल तर लीव्हर स्पंजासारखा लागतो.

मग चाचणी फेरी. किमान अर्धा तास, एक चढ आणि एक उतार असलेली. यात प्रत्येक गिअर टाकून बघा, विशेषतः मागचा सगळ्यात मोठा. एका शर्यतीच्या दोन दिवस आधी हॉटेलच्या आवारात माझ्या सायकलचे सगळे गिअर गुळगुळीत पडत होते. चढावर सगळ्यात मोठ्या दातेरी चकतीवर चेन गेली आणि डिरेलरचा पिंजरा स्पोकांना हलकेच ‘टिक-टिक-टिक’ करत लागायला लागला. हँगर दोन-तीन मिलिमीटर आत वाकला होता, डोळ्यांना दिसत नव्हता. तसंच जोर लावत राहिले असते तर डिरेलर चाकात ओढला जाऊन स्पोक तुटले असते. जागच्या जागी उतरले, चालत परतले आणि सुटा हँगर लावला. वीस मिनिटांचं काम. हीच टिकटिक शर्यतीच्या चढावर पहिल्यांदा ऐकू आली असती तर तिथेच थांबावं लागलं असतं.

त्या फेरीत स्वतःच्या शरीराकडेही लक्ष द्या. सायकल घरच्यासारखी वाटते का? कोपरं टेकवल्यावर मान नेहमीच्या जागी येते का? काही वेगळं वाटलं तर मापांचा कागद काढा आणि टेप लावा. नुसत्या वाटण्यावरून काही बदलू नका. लांबच्या विमानप्रवासानंतर पाय सुजलेले आणि कंबर आखडलेली असते, त्यामुळे पहिल्या दिवशी बैठक बरोबर असूनही चुकल्यासारखी वाटते.

बहुतेक लांब पल्ल्याच्या शर्यतींत सायकल आदल्या दिवशी ट्रान्झिशनमध्ये (पोहणं, सायकल आणि धावणं यांमधल्या बदलाच्या जागेत) ठेवावी लागते. दिवसभर ऊन असेल तर टायरमधली हवा थोडी कमी करून ठेवा, उन्हात ट्यूब फुटल्याचे आवाज मी ट्रान्झिशनमध्ये ऐकले आहेत. चेनवर आणि इलेक्ट्रॉनिक भागांवर प्लास्टिकची पिशवी बांधा, रात्रीचं दव पुरेसं त्रासदायक असतं. सकाळी हवा भरा, गिअर सुरुवातीच्या रस्त्याला साजेसा ठेवा, दोन्ही चाकं फिरवून बघा. शेजारच्याचं हँडल तुमच्या ब्रेकवर टेकून पॅड घासत नाही ना, तेही बघा.

शर्यतीबद्दल थोडंच सांगते, कारण तयारी तुमची झालेली आहे. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही आणि परत ठेवल्याशिवाय सोडायचा नाही. आयर्नमॅन मालिकेत हौशी खेळाडूंनी पुढच्या सायकलपासून १२ मीटर अंतर ठेवायचं असतं, ओलांडायला घेतलं की २५ सेकंदांत ओलांडायचं, आणि मागे चिकटून राहिल्याची शिक्षा पाच मिनिटं. घरी डाव्या बाजूने चालवत असाल आणि तिथे वाहतूक उजवीकडून असेल, तर ओलांडण्याची बाजू बदलते. डाव्या खांद्यावरून मागे बघायचा सराव आधी करा. बघताना हँडल नकळत त्याच बाजूला वळतं. वाऱ्याचा विचारही घरीच करा. खोल रिमची चाकं आडव्या वाऱ्यात हँडल ओढतात. कोनाच्या जागतिक स्पर्धेत वाऱ्यामुळे मागच्या बंद डिस्क चाकालाच बंदी आहे. कुठली चाकं न्यायची हे वेगावर ठरवू नका. एरोबार न सोडता तुम्ही ज्यांवर तीन तास राहू शकाल ती न्या.

वेगाचं एकच सांगते. नव्या रस्त्यावर, प्रेक्षकांच्या गजरात पहिले वीस किलोमीटर फार सोपे वाटतात. पॉवर मीटर (पेडलवरचा जोर मोजणारं यंत्र) असेल तर पहिल्या हाफ डिस्टन्स शर्यतीला तासाभराच्या कमाल क्षमतेच्या ७५ टक्क्यांच्या आसपास राहा, चढावरही. नसेल तर नाकाने श्वास घेता येतोय इतपतच जोर. पहिल्या तासाभरात शेकडो लोक तुम्हाला ओलांडून जातील. जाऊ द्या, त्यांतले पुष्कळजण धावताना परत भेटतात.

शर्यत संपल्यावर त्याच रात्री परतीचं विमान धरू नका. आखडलेल्या बोटांनी पेटी भरताना चुका होतात, आणि पाण्याची कमतरता असताना लगेच तासन् तास बसून राहणं पायांतल्या रक्ताभिसरणाला चांगलं नाही. विमानात दर तासाला उठा. नंतर एकाच पोटरीत दुखून सूज आली किंवा दम लागला तर स्नायू आखडलेत म्हणून घरी बसू नका, डॉक्टरकडे जा. आणि भरण्याआधी सायकल पुसा. साबणाचं थोडं पाणी, ओलं फडकं, मग कोरडं, एवढं पुरे. तीन तास घाम आणि साखरेचं पेय स्टेमच्या बोल्टवर, हेडसेटवर ठिबकत असतं. तसंच पेटीत बंद केलं तर आठवड्याभरात बोल्ट गंजतात आणि पुढच्या शर्यतीआधी सुटत नाहीत.

घरी पोहोचल्यावर पेटी कोपऱ्यात ठेवून आठवडाभर विसरायचा मोह होतो. मी त्याच दिवशी उघडते. नुकसानीची लेखी तक्रार सामान हाती आल्यापासून सात दिवसांत करावी लागते, आणि परतीच्या प्रवासातले तडे दमलेल्या डोळ्यांना विमानतळावर दिसत नाहीत. सीट पोस्टवरची चिकटपट्टी मी काढत नाही. सायकल त्याच खुणेवर जोडून, दुसऱ्या दिवशी दहा किलोमीटर हलकं चालवून बघते.